अस्कर्निशला जायचं तर

गोल्फचं नाव काढलं की आपल्या लोकांत समोरचा माणूस आधी तुमच्या बुटांकडे बघतो आणि मग पगाराचा अंदाज बांधतो. त्याला दोष देता येत नाही. आपल्याकडे हा खेळ आला तोच छावणी आणि क्लबाच्या कुंपणाआड. कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 चा, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना. तेव्हापासून आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ पाहिला तो कुंपणाच्या बाहेरून. आत गेलेच कुणी, तर दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन.

माझे धाकटे मामू असेच आत गेले होते. 1965 च्या सुमारास, तेरा वर्षांचे असताना, रत्नागिरीहून मुंबईला थोरल्या भावाकडे आले आणि एका क्लबात कॅडी म्हणून लागले. साहेबाचा चेंडू कुठे पडला ते डोळ्यांत धरून ठेवायचं, मागेल ती काठी पुढे करायची, वारा कुठून आहे ते विचारलं तरच सांगायचं आणि खेळ संपला की मागच्या दाराने बाहेर. कॅडीने मैदानावर चेंडू मारायचा नाही, असा तिथला नियम होता. मग ही पोरं संध्याकाळी रुळांजवळच्या मोकळ्या जागेत लोखंडी सळई वाकवून केलेल्या काठीने हरवलेले चेंडू मारत बसायची.

पुढे मामू विलायतेत आले. बर्मिंगहॅममध्ये पस्तीस वर्षं बस चालवली. निवृत्त झाल्यावर महापालिकेच्या गोल्फ मैदानावर तिकीट काढून पहिल्यांदा खेळणारा म्हणून आत गेले. "तिकीट फाडलं आणि आत सोडलं. कुणाचा कोण, कुणी विचारलं नाही," हे ते अजून सांगतात. मलाही त्यांनीच शिकवलं. आता ते 74 वर्षांचे आहेत, उजवा गुडघा बदललेला आहे, आणि गेल्या हिवाळ्यात एक दिवस म्हणाले की, एकदा समुद्राच्या वाळूवरचं मैदान बघायचंय. जिथून हे सगळं निघालं, तसलं.

तेव्हापासून मी या सहलीची आखणी करतोय. आम्ही चौघं जाणार आहोत. मामू, मी, माझा औरंगाबादचा एक मित्र आणि साताऱ्याचा एक डॉक्टर मित्र. चार दिवस खेळायला जायचं त्यात लिहिण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण ही आखणी करता करता जमीन कुणाची आणि वेळ कुणाची, हे दोन प्रश्न माझ्यासमोर जितके उघड येऊन बसले, तितके एरवी कधी आले नव्हते.

आधी मैदानाबद्दल. वाळूवरच्या अशा मैदानाला 'लिंक्स' म्हणतात. समुद्र आणि शेत यांच्या मधली पट्टी. वाळूचे उंचवटे, त्यावर आखूड चिवट गवत, झाड नाही, सावली नाही. नांगर घालून काही पिकत नाही, म्हणून स्कॉटलंडमधल्या गावांनी ती जमीन गुरामेंढरांना ठेवली आणि त्याच जमिनीवर लोक काठीने चेंडू मारू लागले. वाळूमुळे पाणी साचत नाही, मेंढ्या गवत आखूड ठेवतात, वाऱ्याच्या आडोशाला मेंढ्या बसून बसून जे खड्डे पडले त्यांतूनच पुढे वाळूचे 'बंकर' झाले असं सांगतात. म्हणजे ज्या खेळाला आपण साहेबाचा म्हणतो, त्याचं पहिलं मैदान तयार केलं ते वाऱ्याने आणि मेंढरांनी.

सेंट अँड्र्यूजचं नाव सगळ्यांना माहीत असतं. तिथलं जुनं मैदान आजही सार्वजनिक आहे, चिठ्ठ्या टाकून खेळायची वेळ मिळू शकते. पण तिथे गर्दी फार आणि खेळण्याच्या कौशल्याचा दाखला लागतो. मामूंकडे तो नाही आणि काढायची इच्छाही नाही. त्यांना मैदान हवं होतं, देवघर नको होतं. म्हणून शोधत शोधत मी अस्कर्निशपाशी आलो.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिकच्या तोंडावर बाह्य हेब्रिडीज बेटांची माळ आहे. त्यातल्या साउथ युइस्ट बेटावर अस्कर्निश आहे. 1891 साली सेंट अँड्र्यूजचा टॉम मॉरिस तिथे गेला आणि त्याने मैदान आखलं. हा टॉम मॉरिस विणकराचा मुलगा. चेंडू बनवण्याच्या धंद्यात उमेदवारी करून वर आला, ब्रिटिश ओपन स्पर्धा चार वेळा जिंकला आणि गावोगाव मैदानं आखत फिरला. अस्कर्निशचं मैदान मात्र पुढे विस्मरणात गेलं. टेकड्यांमधला भाग पुन्हा चराईत मिसळून गेला, सपाटीवर थोडे होल उरले. 2005 मध्ये एका जाणकाराच्या नजरेला जुन्या मैदानाचा माग लागला. गावकरी आणि बाहेरचे काही हौशी लोक यांनी मिळून ते पुन्हा मोकळं केलं आणि 2008 मध्ये 18 होलचं मैदान खेळायला उघडलं. मोठी यंत्रं लावून डोंगर फोडले नाहीत. गवत कापलं, जिथे वाटलं तिथे झेंडा रोवला. हिवाळ्यात तिथे अजून गुरं चरतात.

ही जमीन कुणाची, याची गोष्ट त्या मैदानाहून मोठी आहे. हे बेट शंभर-दीडशे वर्षं मुंबई-कोकणातल्या खोतांना लाजवतील अशा जमीनदारांच्या हातात होतं. 1851 च्या आसपास जमीनदाराने इथल्या शेकडो कुटुंबांना घराबाहेर काढून जहाजांत भरलं आणि कॅनडाला धाडलं. राहिलेल्या लहान शेतकऱ्यांना, ज्यांना तिथे 'क्रॉफ्टर' म्हणतात, 1886 च्या कायद्याने कसत्या जमिनीवरून सहजासहजी हुसकता येणार नाही असा हक्क मिळाला. आमच्या कोकणात खोती जायला 1949 चा कायदा यावा लागला. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना खोताच्या वाड्यासमोर चप्पल काढून चालायची सवय अंगातून जायला त्यानंतरही बराच काळ लागला. त्यामुळे क्रॉफ्टर म्हणजे काय, हे मामूंना समजवावं लागलं नाही.

2006 मध्ये साउथ युइस्टच्या लोकांनी जवळपास 93 हजार एकरांची ती सगळी जमीनदारी सामुदायिक संस्थेमार्फत विकत घेतली. आता मालक तेच. पण गोल्फ मैदान मोठं करायचं ठरलं तेव्हा काही क्रॉफ्टर उभे राहिले. आमची सामायिक चराई खेळासाठी जाणार का, हा त्यांचा प्रश्न होता. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आज खेळही चालतो आणि चराईही. मी हे सगळं मामूंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "गुरं अजून येतात ना?" येतात म्हटल्यावर म्हणाले, "मग तिथेच जाऊ."

आता जायचं कसं. बर्मिंगहॅम ते ग्लासगो साधारण 290 मैल. ग्लासगोत एक मुक्काम. माझे नाना, म्हणजे मामूंचे वडील, बोटीवर खलाशी होते. त्या काळी रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर घरटी एक माणूस असायचा बोटीवर. नानांची बोट एकदा ग्लासगोच्या गोदीत लागली होती आणि त्यांनी तिथून एक लोकरी गळपट्टा आणला होता, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गोदीजवळून क्लाइड नदी ओलांडू तेव्हा मामूंना ते आठवेल, म्हणून मी मुक्काम तिथेच ठेवला. ग्लासगोची मोठी मशीदही नदीला लागूनच आहे. दुसऱ्या दिवशी फोर्ट विल्यमवरून मालेग बंदर, आणखी 150 मैल. तिथून गाडी बोटीत चढवायची आणि साडेतीन तासांनी साउथ युइस्टच्या लॉकबॉइसडेल धक्क्यावर उतरायचं.

कागदावर हे सरळ आहे. पण बेटावरच्या माणसांना विचारलं तर ते आधी बोटीचं विचारतात. वारा वाढला की फेरी रद्द. बोट नादुरुस्त झाली की एका मार्गाची बोट काढून दुसऱ्या मार्गावर लावतात. 2023 च्या जूनमध्ये लॉकबॉइसडेलची सेवा अशीच जवळजवळ महिनाभर बंद राहिली आणि बेटावरचे लोक गाड्या घेऊन धक्क्यावर निषेधाला उभे राहिले. आपल्याला वाटतं, सहल बुडाली. त्यांचा दवाखाना, दुकानातला माल, बाजारात न्यायची जनावरं, सगळं त्या बोटीवर असतं. म्हणून दुसरा मार्ग आधीच ठरवून ठेवलाय. स्काय बेटावरच्या उइगहून नॉर्थ युइस्टच्या लॉकमॅडीला बोट जाते, पावणेदोन तासांची. तिथून बेटांना जोडणारे समुद्रातले बांध ओलांडत दक्षिणेला यायचं. नकाशावर ही बेटं वेगवेगळी दिसतात, गाडीने मात्र सलग जाता येतं.

बोटीनंतर सूर्य. यावर आमच्या फोनवर जितकी चर्चा झाली तितकी खेळावर झाली नाही.

अस्कर्निश 57 अंशांच्या थोडं उत्तरेला आहे. जूनमध्ये तिथे सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री साडेदहाच्या आसपास मावळतो. म्हणजे रात्र जेमतेम सहा तासांची, आणि तीही पूर्ण काळी होत नाही. उत्तरेकडच्या क्षितिजावर रात्रभर फिकट उजेड राहतो. संधिप्रकाश संपल्यावर इशाची वेळ सुरू होते, असं आपण लहानपणी शिकलो. इथे तो संपतच नाही. मग इशा कधी आणि फज्र कधी? यावर उलेमांनी रस्ते काढलेले आहेत. कुणी जवळच्या दक्षिणेकडच्या शहराची वेळ धरतात, कुणी रात्रीचा मध्य धरतात, कुणी रात्रीचे सात भाग करतात आणि पहिला भाग सरला की इशा, शेवटचा भाग लागला की फज्र असं मानतात. आम्ही हा तिसरा हिशोब करून पाहिला. सहा तासांचा सातवा भाग साधारण 51 मिनिटं. म्हणजे इशा सव्वाअकरानंतर आणि फज्र पावणेचारच्या आसपास. मधे झोपायला सव्वाचार तास.

इथे आम्हा दोघा मित्रांचे रस्ते वेगळे होतात. आम्ही कोकणी, म्हणजे शाफई. तो औरंगाबादचा, हनफी. माझ्या मसलकात मुसाफिराला दोन नमाजा एकत्र करता येतात. जुहर-असर एकत्र, मगरिब-इशा एकत्र. त्याच्याकडे चार रकातीच्या दोन होतात, पण नमाजा एकत्र करणं हजव्यतिरिक्त नाही. मला मगरिबबरोबरच इशा पढून साडेदहानंतर लगेच झोपता येईल. तो सव्वाअकरापर्यंत जागा राहणार. असरचंही तसंच. जूनमध्ये तिथे जुहर दीडच्या सुमारास लागतो. माझी असर सहा वाजता सुरू होते, त्याची साडेसातच्या जरा अलीकडे, कारण सावली किती लांब झाली की असर, यावर दोन्ही इमामांचं मत वेगळं आहे.

मुसाफिर कोण, यावरही हिशोब आहे. हनफींमध्ये एका जागी पंधरा दिवस राहायचा इरादा नसेल तोवर माणूस मुसाफिरच. शाफईंमध्ये येण्याचा आणि जाण्याचा दिवस सोडून मधे पूर्ण चार दिवस राहायचा इरादा केला की मुसाफिरी संपते. म्हणून मी सोमवारी पोहोचून शुक्रवारी सकाळी निघायचं ठरवलं. मधे मंगळ, बुध, गुरु, तीनच दिवस. साताऱ्याच्या डॉक्टरने एक दिवस वाढवायचा आग्रह धरला होता. त्याला हे कारण सांगितलं तर तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे रजेचा अर्जसुद्धा इमामाकडे जातो की काय?" मग त्यानेच कागद घेऊन सगळ्या वेळा लिहून काढल्या. सकाळी साडेआठला सुरुवात, चार तासांत 18 होल, साडेबारापर्यंत घरी. जेवण, जुहर. ज्याला शक्ती असेल त्याने अडीचला पुन्हा जावं. तो म्हणाला की, तुमच्या नमाजांमुळे दिवसाचे आपोआप तुकडे पडतात, नाहीतर एवढ्या उजेडात माणूस वेड्यासारखा खेळत राहील. मला हे वाक्य आवडलं. उन्हाळ्यात 18 तास उजेड असतो म्हणजे ते 18 तास आपले असतात असं नाही.

शुक्रवारचंही बघितलं. 2018 मध्ये लुइस बेटावरच्या स्टोर्नोवे गावात बाह्य हेब्रिडीजमधली पहिली मशीद उघडली. तिथे फेरीवाल्याचा धंदा करत आलेली काही पाकिस्तानी कुटुंबं पिढ्यांपासून आहेत, आणि अलीकडे सीरियातून आलेली निर्वासित कुटुंबंही. तिथे जुमा पढावा असं मनात होतं. पण साउथ युइस्टहून तिथे जायचं तर आणखी एक बोट आणि दिवसभराची गाडी. मुसाफिरावर जुमा फर्ज नाही, तेव्हा यावेळी ते सोडलं. त्याच बेटांवर दुसरीही एक शिस्त आहे. लुइस आणि हॅरिस इथे रविवार कडक पाळतात. हॅरिसमधलं स्कारिस्टाचं नऊ होलचं मैदान तर रविवारी खेळायला बंदच असतं. साउथ युइस्ट बहुतांश कॅथलिक, तिथे रविवार वेगळा. दुसऱ्याचा पवित्र दिवस आपल्या सहलीच्या आड येतो असं वाटलं की आपला शुक्रवार आठवावा, इतकं सोपं आहे.

किबल्याची एक गंमत आहे. रत्नागिरीकडे आपण समुद्राकडे तोंड करून नमाज पढतो. लहानपणापासून किबला म्हणजे समुद्र, असं डोक्यात बसलेलं. युइस्टवरही समुद्र पश्चिमेलाच आहे, पण तिथे किबला आग्नेयेच्या जरा पूर्वेला. म्हणजे समुद्र पाठीशी आणि तोंड बेटाच्या मधल्या डोंगरांकडे. मामूंना सांगितलं तर त्यांनी हाताने दिशा करून पाहिली, स्वयंपाकघरातच. जानमाज वाऱ्याने उडेल, तर चार कोपऱ्यांवर चार चेंडू ठेवू, हा तोडगा त्यांचाच. थंड पाण्यात दिवसातून किती वेळा पाय धुवायचे म्हणून चामडी मोजेही घेतलेत. मुसाफिराला त्यावर तीन दिवस-रात्र मसह करता येतो, आणि आमचे दिवसही तीनच.

जेवणाचा प्रश्न घर भाड्याने घेऊन सोडवला. हलाल मटण बेटावर मिळेल या भरवशावर राहायचं नाही. बर्मिंगहॅमहून खिमा आणि मटण गोठवून थंड पेटीतून न्यायचं. मासळी तिथली. आता त्या पाण्यात खेकडे, शिंपल्या, कोळंबीच्या जातीचं बरंच काही मिळतं. शाफई माणसाला समुद्रातलं जवळपास सगळं चालतं. हनफीला मासाच. खेकडा नाही, शिंपली नाही, आणि कोळंबी मासा की नाही यावर त्यांच्यात वाद. डॉक्टर गुरुवारी शाकाहारी. तेव्हा गुरुवारी सकाळी घावणे आणि नारळाची चटणी, दुपारी डाळभात, असं ठरलं. चौघांच्या तोंडी एकच पदार्थ लागेल असा एकही दिवस नाही आणि उपाशी राहील असा एकही माणूस नाही.

एका होलला एक पौंड अशी पैज आमच्या इथल्या मंडळींत चालते. ती सहलीत नको, हे न बोलताच ठरलं. मग मी सुचवलं, हरेल त्याने भांडी घासावीत. औरंगाबादचा मित्र म्हणाला, ही पण पैजच झाली. त्यावर अर्धा तास गेला. शेवटी भांडी पाळीपाळीने.

खरा अडथळा पैशाचा आणि गुडघ्याचा. मामींनी सरळ सांगितलं, "एवढ्यात थोडी भर घातली तर उमरा होतो." हे वाक्य आपल्या घरांत कुठल्याही हौसेच्या खर्चासमोर उभं राहतं. टीव्ही घ्या, काश्मीरला जा, अंगणात फरशी घाला, ते येतंच. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. इस्राफ, उधळपट्टी, हा शब्द कुराणात आहे आणि तो आपल्यासाठीच आहे. मामूंनी वाद घातला नाही. त्यांनी वही काढली. जकात दिलेली. यंदा बकरी ईद मेच्या शेवटी, कुर्बानीचे पैसे गावी पाठवलेले. भाचीच्या लग्नाचं ठरवलेलं बाजूला ठेवलेलं. कुणाचं देणं नाही. मग म्हणाले, "हज फर्ज होता, केला. हे फर्ज नाही हे मला कळतं. फर्ज नाही म्हणूनच सगळं फेडून झाल्यावर चाललोय." मामी बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मामूंचा जाड स्वेटर धुवायला काढला.

गुडघ्याचं डॉक्टर मित्राने बघितलं. सपाटीवर चालायला हरकत नाही, चढउतार बेताने. अस्कर्निशचे पहिले सहा होल त्यातल्या त्यात सपाट आहेत. सातव्यापासून वाळूच्या टेकड्या लागतात. म्हणून मंगळवारी फक्त सहा, बुधवारी विश्रांती किंवा पुन्हा सहा, आणि गुरुवारी जमलं तर टेकड्या. नाही जमलं तर सातव्याच्या चढावर बसून समुद्र बघायचा. टेकड्यांत चाकांची ढकलगाडी नीट चालणार नाही. बॅग खांद्यावरच घ्यावी लागेल. मी सहज म्हणालो की, मामू, तुमची बॅग मी घेतो.

ते मला आवडलं नाही असं त्यांनी दाखवलं नाही, पण दोन दिवस फोन घेतला नाही. मग स्वतःच आले. बॅग घेणारा मागे चालतो, म्हणाले. "पोरगा असताना पाच वर्षं मी मागे चाललो. साहेब थांबला की थांबायचं, तो बोलला की ऐकायचं. मला माझ्या मागे कुणी नको. बरोबर चाला." मी म्हटलं, मग गुडघा? त्यावर त्यांनी आधीच उत्तर काढून ठेवलं होतं. नियमाने बॅगेत जास्तीत जास्त 14 काठ्या चालतात. कमीत कमी किती, याला नियम नाही. त्यांनी पाच काढल्या. एक लाकडी, तीन लोखंडी, एक ग्रीनवर चेंडू ढकलायची. पातळ कापडी पिशवीत त्या बसल्या, आणि वजन दुधाच्या पिशव्यांएवढं. वाळूवर चेंडू उंच उडवून काही उपयोग नसतो, वारा नेतो. जमिनीलगत ठेवायचा, घरंगळू द्यायचा. त्याला पाच पुरतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, दुसऱ्यांचे चेंडू शोधता शोधता कळलेलं आहे.

1991 मध्ये दिल्लीचा अली शेर इंडियन ओपन जिंकला. ती स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय. तोही कॅडी होता. मामूंनी ती बातमी कळली त्या दिवशी बसच्या डेपोत मिठाई वाटली होती आणि कुणाला कशाबद्दल ते कळलं नव्हतं. मला आता कळतं. कुणी जिंकलं एवढाच तो आनंद नव्हता. चेंडू शोधणाऱ्याने चेंडू मारला, हा होता. आपल्या समाजात चेंडू शोधणारे पुष्कळ आहेत, कोर्टात, बँकेत, विद्यापीठात. बॅग कुणी घ्यायची, हा प्रश्न तिथेही असतोच. एका दूरच्या बेटावर, जिथे हिवाळ्यात गुरं चरतात आणि जमीन गावाची आहे, तिथे पाच काठ्या घेऊन चालायला मिळावं, ही एका म्हाताऱ्या माणसाची इच्छा लहान आहे. पण ती पुरी व्हायला मधे साठ वर्षं गेली.

तयारी झाली आहे. घर ठरलंय, बोटीचं तिकीट आहे, उइगचा मार्ग लिहून ठेवलाय. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपल्याला सगळ्यांना पाठ असते. बेटावर जायचं तर ती रोज पाळावी लागते. दोन्ही बोटी बंद पडल्याच, तर तिसरा पर्यायही काढलाय. किंटायर द्वीपकल्पावरचं मॅक्रिहॅनिश. तेही समुद्रकाठचं, तेही टॉम मॉरिसचा हात लागलेलं, आणि ग्लासगोहून सरळ रस्त्याने जाता येतं. मामूंना नकाशावर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "तिथे गुरं आहेत का?"

ते मात्र मला अजून शोधायचं आहे.